रसिकाच्या बाबांचा थुंकणारा ब्रश

...नाही, पण मला एक सांगा, माणूस मुलीच्या घरी लग्नाचं बोलायला जातो तेव्हा बरोबर काय नेतो? पेढे नेतो! फार तर फुलं नेतो, अगदीच धीर नसेल तर मामाला नेतो... मी काय नेत होतो माहितीये? टूथपिक! टूथपिक, कानात घालायच्या काड्या, दात घासायचा जुना ब्रश आणि वरच्या खिशात भिंग! रविवारमागून रविवार, बाईकवर, कोपरी ते डोंबिवली, आणि त्या शिळफाट्याच्या ट्रॅफिकमध्ये कंटेनरच्या मागे धूर खात उभा राहून मी विचार कसला करतोय? तारखेचा? हॉलचा? जेवणात बासुंदी ठेवायची की रसमलाई, याचा? छे हो! मी विचार करतोय की रंगाच्या कपात बुडबुडे का येतात!

आणि मी पेरोलला आहे हो!

म्हणजे झालं असं... थांबा, नीट सांगतो, नाहीतर तुम्हाला वाटेल हा रंगारी आहे. आमची कंपनी कॉम्प्रेसर बनवते. हवा दाबून भरायची मशिनं. घोडबंदर रोडला ऑफिस. आता कंपनी कॉम्प्रेसर बनवते म्हणजे मी बनवतो का? मी पगार काढतो! कुणाची रजा कापायची, कुणाचा पीएफ किती, एवढंच माझं काम. मी आयुष्यात कॉम्प्रेसर पाहिलाय तो आमच्या कंपनीच्या कॅलेंडरवर. रसिका आमच्याकडेच, खरेदी विभागात. तिचा ओव्हरटाइम एकदा चुकून कमी लागला, ती भांडायला आली, मी माफी मागितली, आणि मग... ते जाऊ दे, ती वेगळी गोष्ट आहे आणि ती छान आहे. ही छान नाहीये.

तर आम्ही कोपरीचे, अगदी मूळचे. आजोबा मिठागरावर होते. रसिकाचं घर डोंबिवली पूर्वेला, मूळ गाव कोकणात, वडील सरकारी खात्यातून रिटायर्ड, आई घरी, ही एकुलती एक. आमच्या घरून हो आलं. आई, म्हणजे आमची शालूबाई, ती तर रसिकाला पाहून म्हणाली, "पोरगी बरी हाय, तुला वलन लावल." आणि रसिकाच्या वडिलांचं, म्हणजे प्रफुल्लकाकांचं, काय म्हणणं? रसिका सांगायची, "बाबा म्हणाले, माझं काही म्हणणं नाही." आता मला सांगा, याचा अर्थ काय? 'माझं काही म्हणणं नाही' हे हो आहे की नाही आहे? जातीवरून आहे का? पगारावरून आहे का? माझ्या पोटावरून आहे का? काही कळत नाही! म्हणून रसिका म्हणाली, "तू ये रविवारी, बस त्यांच्याशी, तारीख काढूनच ऊठ."

गेलो. नवा शर्ट घालून गेलेलो. दार मंदाकिनीकाकूंनी उघडलं, रसिकाची आई. बारीकशा, शांत, एकदा बघितलं की आपल्याला वाटावं यांनी आपलं सगळं बनियनपर्यंत बघून घेतलं. म्हणाल्या, "या. आज जरा वातावरण तापलंय." तेवढ्यात आतून आवाज, "मंदाऽऽ! इथलं फडकं कोणी उचललं? तू हात लावलास, म्हणूनच हा थुंकायला लागला!"

मी म्हटलं, कोण थुंकतंय? घरात आजारी माणूस आहे की काय?

तर तो ब्रश! एअरब्रश. पेनाएवढी चकचकीत पिचकारी असते. वर छोटासा कप, त्यात रंग टाकायचा, मागून कॉम्प्रेसरची हवा, बोटाने खटका दाबला की हवा, मागे ओढला की रंग, आणि पुढून धुक्यासारखा फवारा. काका त्याने प्लास्टिकची जहाजं रंगवतात. खेळण्यातली नाही हं... म्हणजे खेळण्यातलीच, पण तसं म्हणायचं नाही. मी म्हटलं एकदा. बाल्कनी बंद करून केलेल्या खोलीत हाताएवढी राखाडी युद्धनौका, तिच्यावर नखाएवढ्या तोफा, तोफांना केसाएवढ्या नळ्या, सगळं यांनी चिमट्याने चिकटवलेलं. आणि त्या सुंदर राखाडी अंगावर, तुम्हाला सांगतो, कांजिण्या! टपोरे, ओले थेंब. कारण ब्रश फवारत नव्हता, थुंकत होता. थू... थू... थू.

काका वळले. माझ्याकडे बघितलं. नाव नाही, गाव नाही, बस नाही. "तू कॉम्प्रेसर कंपनीत आहेस ना?"

मी म्हटलं, "काका, मी पेरोलला आहे."

"हो हो, पण कंपनी कॉम्प्रेसरची ना?"

"हो, पण मी पगार..."

"मग बघ जरा!" आणि ब्रश माझ्या हातात! रसिका मागून म्हणतेय, "बाबा, तो पेरोलला आहे," पण ऐकतंय कोण? "अगं, त्या कंपनीत काम करणाऱ्याला हवेचं काही कळत नसेल का?" आता काय सांगू? आमच्या कंपनीच्या कॅन्टीनवाल्यालापण कळत असेल मग!

बरं, महिन्याभरावर ठाण्यात प्रदर्शन. सगळे मॉडेलवाले आपापली जहाजं, विमानं, रणगाडे घेऊन येणार. काकांची नौका त्यात जाणार, पाच वर्षं राबलेत तिच्यावर, आणि ती रंगल्याशिवाय काका दुसरा कुठलाही विषय डोक्यात घेणार नाहीत. तारखेचं काढलं तर म्हणाले, "आधी ब्रश, मग बाकी." म्हणजे माझं लग्न त्या सुईच्या टोकावर अडकलेलं! अक्षरशः, आत एक सुई असते!

मग काय, मोबाइल काढला, व्हिडिओ लावला. एक गोरा माणूस, पोटापर्यंत दाढी, इतका शांत बोलतो की आपल्याला वाटतं हा कधी भाडेकरू म्हणून राहून घरमालकाशी भांडलाच नसेल. त्याचं म्हणणं, नव्वद टक्के वेळा पुढच्या तोटीत, म्हणजे नोझलमध्ये, सुकलेला रंग असतो. उघडलं. तोटी केवढी? तांदळाच्या कणीएवढी! ती खाली पडली तर शोधायला घर विकायला लागेल. रंग पातळ करायच्या थिनरमध्ये भिजवली, टूथपिकचं टोक फिरवलं, आतून राखाडी पापुद्रा निघाला, पुन्हा बसवली, खटका दाबला... फुस्स! काय फवारा! पहाटेचं धुकं! काका लहान मुलासारखे हसले हो. मी म्हटलं हाच तो क्षण. "काका, तारखेचं..."

"अरे आता कुठे रंग सुरू झालाय. पुढच्या रविवारी बघू."

पुढच्या रविवारी मी पेढे घेऊन गेलो. दारातच आवाज, "मंदाऽऽ!" मी पेढे बुटांच्या रॅकवर ठेवले.

या वेळी थुंकत नव्हता. या वेळी रंगाचा कप उकळत होता! आमटीसारखा! बडबडबडबड बुडबुडे, पुढून काहीच नाही. काका ओरडतायत कुणावर? काकूंवर. "तू खोलीत झाडू मारलास! धूळ गेली आत!" काकू शांतपणे चहा ठेवून गेल्या. मला ते जरा... लागलं. पण मी कोण? मी तर परीक्षार्थी. मी खाली मान घालून मोबाइल काढला. मॉडेलवाल्यांचा एक ग्रुप आहे, काकांनी मला त्यात टाकलेलं, न विचारता. तिथे विचारलं. आणि मग सुरू झालं हो! एक म्हणे, "रंग पातळ करा, दुधासारखा." दुसरा म्हणे, "कोणतं दूध, गायीचं की म्हशीचं?" तिसरा, "प्रेशर कमी करा." चौथा, "प्रेशर वाढवा." पाचवा, "डोंबिवलीची हवा दमट, नळीत पाणी साठतं, मी तर नाशिकला शिफ्ट झालो." ब्रशसाठी नाशिकला! आणि सहावा सकाळी सकाळी गुलाबाचं फूल, शुभ रविवार!

आतून मी पेटलेलो. पण एक सांगतो, पेरोलमध्ये असलं की एक सवय लागते. एक तारखेला पगार झाला की सगळी कंपनी माझ्या टेबलावर. "धनेश, माझे पैसे खाल्लेस का रे?" "धनेश, तुझ्या बापाची कंपनी आहे का?" आपण काय म्हणायचं? "बघतो सर." मनात टॅक्सचे स्लॅब म्हणायचे आणि तोंडाने "बघतो सर." तसंच म्हटलं, "बघतो काका." शेवटी कळलं, तोटी नीट आवळलेली नाही, मागून हवा शिरतेय कपात. मी विचारलं, "काका, तुम्ही उघडली होती?" "मी? मी हातही लावला नाही!" मी आवळली. चालू झालं. आणि तारीख? "अंधार व्हायच्या आत डावी बाजू उरकू दे. पुढच्या रविवारी."

त्याच्या पुढच्या रविवारी हवा येतेय, रंग नाही. खटका मागे ओढला की सुई हलतच नाही! शेपटीकडे एक नट असतो, सुई धरून ठेवणारा, तो ढिला. मी मागच्या वेळी स्वतः आवळलेला! मला वाटलं मलाच विसर पडला. आणि वर काका ओरडतायत, "मंदा, तू टेबल हलवलंस!" टेबल हलवल्यावर नट ढिला होतो का हो? मग आमच्या कोपरीत बाजूने ट्रेन जाते, आमच्या घराचे सगळे नट सुटायला पाहिजेत!

मी बाथरूममध्ये गेलो, नळ सोडला, आणि नळाकडे बघून ओरडलो. असा हळू नाही, चांगला. टॉवेल तोंडात धरून. बाहेर आलो, हसलो, "बघतो काका."

घरी आलो तर आमची शालूबाई दारात. "काय रं, तारीक कारली?" मी म्हटलं, "आई, नट ढिला होता." "नट? कंचा नट? पिक्चरचा?" मी समजावलं, ब्रश आहे, काकांचा, रंगाचा. ती बघतच राहिली. "धन्या, तू लगनाला मुलगी बघतंस का रंगाचं कंत्राट घेतंस? मना दे त्यो ब्रश. तापल्या तेलात टाकते, सगला निंगल!" तुम्हाला सांगतो, त्या क्षणी मला तो उपाय पटला होता.

मग पुढच्या रविवारी दही. शब्दशः दही! कपात राखाडी रंग टाकला, थिनर टाकलं, आणि गाठी! कढी फुटते तशी! आणि वास कसला तरी, गोडसर, झोंबणारा. काका म्हणाले, "थिनरला वास असतोच." सगळं उघडून, भिजवून, धुवून, कोरड्या फडक्याने पुसून... संध्याकाळ तिथेच गेली.

खाली सोडायला रसिका आली. बाईकच्या सीटवर हात ठेवून उभी. मी म्हटलं, "काय झालं?" म्हणाली, "धनेश, तू बोलत का नाहीस? एवढे रविवार झाले. बाबा ओरडतात, तू 'बघतो काका'. ते विषय टाळतात, तू 'बघतो काका'. मला असा माणूस नकोय ज्याला राग येतच नाही." मी म्हटलं, "येतो गं! जाम येतो!" "मग दिसत कसा नाही? मला बंगळूरच्या ऑफिसला जायचं विचारलंय. दोन वर्षं. मला उत्तर द्यायचंय. तू पुढच्या रविवारी बोलणार नसशील तर मी हो म्हणून टाकते." आणि गेली वर.

आता सांगा! इकडे मी शांत राहतोय कारण मुलीचे वडील आहेत, आणि मुलगी म्हणतेय शांत का राहतोस! त्या आठवड्यात मी पगारात एका शिपायाला मॅनेजरचा बोनस लावला. तो अजून मला देव मानतो.

बरं, तो रविवार आला. प्रदर्शन आठवड्यावर. मी ठरवलेलं, आज टूथपिक नाही, भिंग नाही, मोकळ्या हाताने जायचं आणि सरळ म्हणायचं, काका, हो की नाही? दार काकूंनी उघडलं. मी आत गेलो, तोंड उघडलं, "काका, आज मी..." आणि काका वळले. डोळे लाल. रागाने नाही हो. रडवेले. म्हणाले, "धनेश, शेवटचा थर राहिलाय रे. फक्त शेवटचा थर. आणि हा बघ पुन्हा..."

काय करणार? मी बसलो.

फवारा एका बाजूला जात होता. मधेच तुटत होता. आता मी काही पहिल्या रविवारचा धनेश राहिलेलो नाही, गोऱ्या दाढीवाल्याचे सगळे व्हिडिओ पाठ, मी न बघता तोटी काढू शकतो. काढली. उजेडात धरली. आत काहीतरी अडकलेलं. चिमट्याने ओढलं... दोरा. एवढासा, पिवळा दोरा. रंग राखाडी, टेबलावरची फडकी पांढरी, हा पिवळा कुठून? नाकाजवळ नेला.

हळद. आणि हिंग!

डोक्यात एकदम सगळं फिरलं. मी आवळलेली तोटी ढिली. मी आवळलेला नट ढिला. काका म्हणतात हात लावला नाही. मग कोणी लावला? मी म्हटलं, "काका, जरा पाणी पिऊन येतो."

स्वयंपाकघरात काकू पाठमोऱ्या, कढईत काहीतरी तळत होत्या. ओट्यावर त्यांचं ते ओटा पुसायचं फडकं, हळदीने पिवळं झालेलं, एका कोपऱ्याचे दोरे सुटलेले. मी ते उचलून बघितलं. काकूच बोलल्या, मागे न बघता.

"सापडला?"

"काय, काकू?"

"दोरा. मला वाटलंच. आज घाई झाली, दूध उतू जात होतं."

तिथे खुर्ची असती तर मी बसलो असतो. "काकू, तुम्ही?"

"पहिल्या रविवारी तो थुंकत होता, ते खरं. नंतरचं सगळं माझं."

"बुडबुडे?"

"मी."

"मागचा नट?"

"मीच. त्याला पाना लागत नाही, हाताने निघतो."

"दही?"

"थिनरच्या बाटलीत रसिकाचं नेलपॉलिश काढायचं औषध. अख्खी बाटली गेली, रसिका अजून शोधतेय."

मी म्हटलं, "पण का? तुम्हाला मी पसंत नाही का?"

तेव्हा त्या वळल्या. गॅस बारीक केला. आणि काय म्हणाल्या ते मी तुम्हाला जसंच्या तसं सांगतो, कारण मी ते विसरू शकत नाही. म्हणाल्या, "धनेश, हे माणूस म्हणून वाईट नाहीत. मला कशाला कमी पडू दिलं नाही. पण घरात वस्तू बिघडली की ती मीच बिघडवलेली असते. रेडिओ खरखरला, मी. पंखा कुरकुरला, मी. मग मी काय केलं? सगळं दुरुस्त करायला शिकले. हे ऑफिसातून यायच्या आत. फ्यूज, नळ, इस्त्री, हे यांचं खेळणंसुद्धा, रात्री हे रंगासकट तसंच टाकून जातात आणि मी धुऊन ठेवते. लोक म्हणतात, वहिनी, तुमच्याकडे वस्तू फार टिकतात. टिकतात कसल्या? मी टिकवते."

त्यांनी झाऱ्याने कढईतली भजी उलटवली.

"पोहे खाताना सगळेच मुलगे चांगले असतात. मला बघायचं होतं, वस्तू बिघडली, परत बिघडली, काही कारण नसताना बिघडली, की तू कुणाकडे बघून ओरडतोस."

"आणि?"

"नळाकडे बघून ओरडलास. बाथरूममध्ये. ऐकलं मी." जराशा हसल्या. "ते चालेल."

तुम्हाला सांगतो, मला हसावं की रडावं कळेना. या बाईने माझे सगळे रविवार खाल्ले, रसिका बंगळूरला निघाली, माझी आई तेल तापवून बसलीये, आणि मला त्या बाईच्या पाया पडावंसं वाटत होतं! म्हणाल्या, "जा आता. आज नीट चालेल. मी काही केलेलं नाही... त्या दोऱ्याशिवाय."

गेलो. तोटी बसवली. चालला! काय चालला म्हणता! काका शेवटचा थर मारायला लागले, श्वास रोखून, नौकेच्या नाकापासून शेपटीपर्यंत, एकसारखा, मलईसारखा. मी बाजूला उभा, मनात म्हणतोय, आता थर संपला की बोलायचं. संपला! काकांनी ब्रश स्टँडवर ठेवायला हात लांब केला, आणि स्टँड कुठे, हात कुठे... टण्! ब्रश फरशीवर. नाकावर. सुई वाकडी.

आणि काकांचं तोंड उघडलं. "मंदाऽऽ! ही फरशी कोणी ओली ठेवली? एक दिवस, एक दिवस तुला नीट..."

आणि काय झालं मला माहीत नाही हो. मी पेरोलला आहे, मी शिव्या खातो, मी "बघतो" म्हणतो... पण माझ्या तोंडून जो आवाज निघाला तो खालच्या मजल्यावर कुत्रा भुंकेल एवढा. "काका! ब्रश तुमच्या हातात होता! काकू स्वयंपाकघरात होत्या! त्यांचा हात एवढा लांब आहे का? आणि त्यांच्यावर ओरडून सुई सरळ होते का? होत असेल तर सांगा, मी पण ओरडतो, आपण दोघं मिळून ओरडू!"

आणि तेवढ्यात तो कॉम्प्रेसर बंद झाला! टाकी भरली की तो आपोआप बंद होतो, पण मला वाटलं घाबरून बंद झाला. दारात रसिका, हातात भज्यांची बशी. तिच्यामागे काकू, हातात झारा. मी मनात म्हटलं, संपलं. धनेश, गाडीची चावी घे आणि नीघ. आईला सांग, तेल बंद कर.

काका स्टुलावर बसले. ब्रश उचलून मांडीवर घेतला. मग म्हणाले, हळूच, "इतक्या वर्षांत मला कोणी असं बोललं नाही."

काकू म्हणाल्या, "मी बोलले होते. पुष्कळदा. तुम्हाला ऐकू नाही आलं, पंखा कुरकुरत होता."

रसिका हसली हो! आधी फिसकन, मग जोरात, भजी खाली पडायला लागली. आणि काका... काका काही हसले नाहीत. चष्मा काढला, पुसला, परत घातला. "मंदा," म्हणाले, आणि टेबलावरच्या दिव्याकडे हात केला. "मंदा, जरा... हा दिवा इकडे धरतेस का?"

"माझे हात रिकामे नाहीत," काकू म्हणाल्या, आणि आत गेल्या.

मग काका स्वतः उठले. दिवा स्वतः धरला. मला म्हणाले, "सरळ होते का रे सुई?"

मी म्हटलं, "होते काका. वेळ लागतो." काचेच्या तुकड्यावर सुई आडवी ठेवली, बोटाने दाबत लोळवत राहिलो, थोडी, अजून थोडी, काका दिवा धरून वाकलेले, आमची दोघांची डोकी एकमेकांना टेकलेली. सुई सरळ झाली तेव्हा काका म्हणाले, "मला भीती वाटते रे. रसिका गेली की घरात आम्ही दोघंच. आणि मंदाशी मला नीट बोलता येत नाही." मी म्हटलं, "बघतो काका."

जेवायला बसल्यावर त्यांनी स्वतःहून तारीख काढली. भिंतीवरचं कॅलेंडर काढून ताटाशेजारी घेऊन बसले. रसिकाने बंगळूरला नकार कळवला. मी आईला फोन केला तर पलीकडून आधी आरडाओरडा, मग रडं, मग, "आनि त्यो नट? सापडला का त्यो नट?"

नौका गेली प्रदर्शनात. बक्षीस एका रणगाड्याला मिळालं. काका तीन दिवस त्या रणगाड्याला शिव्या घालत होते, पण त्यालाच हं, दुसऱ्या कुणाला नाही. आणि काकूंनी काय काय केलं ते त्यांना अजून माहीत नाही, तेव्हा तुम्ही डोंबिवलीत कुठे बोलू नका.

आता लग्नाला वर्ष होत आलं. सगळं चांगलं आहे. आणि एक गोष्ट मी छातीठोकपणे सांगतो, बाबा, म्हणजे आता बाबा म्हणतो मी, आईंवर, म्हणजे मंदाकिनीकाकूंवर, ओरडत नाहीत. कधीच नाही. काही बिघडलं की तोंड उघडतं, त्यांना आठवतं, तोंड बंद होतं. सोसायटीतले म्हणतात, चमत्कार झाला. आई आता दुपारी झोपतात, नळ गळतो तर गळू देतात.

पण इतक्या वर्षांची सवय हो! ती जाणार कुठे? आवाज तर आत तयार होतो ना? त्याला बाहेर यायला जागा नको? तर त्याची सोय झालीये. घरात काही बिघडलं की बाबा शांतपणे बाल्कनीत जातात, दार लावतात, आणि... थांबा हं, फोन वाजतोय. वाजायलाच पाहिजे, रविवार आहे.

हॅलो? हां, बोला बाबा... गीझर?... नाही बाबा, आम्ही दिवाळीनंतर आलोच नाही, मी कसा बिघडवेन... नाही, तसं नाही... हो... हो, दिवाळीत मी आंघोळ केली होती, ते खरंय... हो बाबा. बरोबर आहे तुमचं. माझंच चुकलं.